लक्ष कुठे असते तुझे? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

‘लक्ष कुठे असते तुझे?’ हा प्रश्न न ऐकता मोठा झालेला माणूस मराठी घरात सापडणे कठीण. बहुतेकांना तो अधूनमधून ऐकावा लागतो. काहींच्या वाट्याला मात्र तो दिवसातून दहा वेळा येतो, आधी आईकडून, मग मास्तरांकडून, पुढे साहेबांकडून आणि घरी आल्यावर बायकोकडून. अशा माणसांसाठी आपल्या भाषेत शब्दांची कमतरता नाही. वेंधळा, धांदरट, उनाड, विसरभोळा, बूड एका जागी न टेकणारा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आळशी. यांपैकी काहींच्या स्वभावाला आज डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मराठीत सांगायचे तर अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता. हे नाव नवे असले तरी त्यामागचा विचार सव्वादोनशे वर्षांचा आहे. स्मरणिकेत आपण नेहमी गावाचा आणि रेल्वेचा इतिहास वाचतो. यंदा आम्ही लक्षाचा इतिहास लिहायला घेतला आहे, आणि त्याची सुरुवातही रेल्वेपासूनच करावी लागते.

कॅसलरॉक हे रेल्वेने वसवलेले गाव. मुरगाव बंदरातून निघालेली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे १८८० च्या दशकात घाट चढून वर आली आणि इथे सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. खाली कुळ्याला पोर्तुगीजांची जकात, वर इथे इंग्रजांची. जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली तो म्हैसूर राज्यात आला. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा या रेल्वेच्या मागोमागच इथे आले, कोणी गँगमध्ये, कोणी जकातीत, कोणी लाकडाच्या धंद्यात, तर कोणी दुकान टाकायला. १९५५ साली गोव्याकडची वाहतूक बंद पडली आणि १९६१ च्या मुक्तीनंतर पुन्हा सुरू झाली. हे सगळे आपल्याला पाठ आहे. पण या रेल्वेतली एक गोष्ट आपण रोज पाहतो आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

आपल्या घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट आहे. वर येणाऱ्या गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. खाली जाणारी गाडी कॅसलरॉकला थांबते आणि ब्रेक तपासल्याशिवाय सुटत नाही. चालक कितीही जुना असो, कालच याच घाटातून गेलेला असो, तपासणी चुकत नाही. घाटात कॅच सायडिंग आहेत. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री पटेपर्यंत सांधा त्या चढत्या फाट्याकडे लावलेला असतो, म्हणजे गाडी सुटलीच तर चढावर जाऊन थांबावी. एकेरी मार्गावर पूर्वी चालकाच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रे एकमेकांना अशी बांधलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघावा. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. आजच्या इंजिनात एक दक्षता यंत्र असते. चालकाने साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक आपोआप लागतात.

याचा अर्थ, माणसाचे लक्ष उडणारच हे रेल्वेने पहिल्यापासून धरून ठेवले आणि त्याच्या भोवती गोळे, घंटा, शिट्ट्या आणि नोंदवह्या उभ्या केल्या. यात चालकाचा अपमान होतो असे कोणाला वाटले नाही. घरात आणि शाळेत मात्र आपण नेमके उलटे केले. तिथे लक्ष उडाले की आपण माणसाच्या चारित्र्यावर आलो. वैद्यकशास्त्रानेही फार काळ हेच केले, आणि त्याची कहाणी मोठी बोधप्रद आहे.

१७९८ साली अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मनाच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यातले एक प्रकरण लक्ष आणि लक्षाचे आजार यांवर आहे. एखाद्या गोष्टीवर मन टिकवून धरता न येणे हे काही जणांत जन्मतःच असते, ते शिक्षणाच्या आड येते, पण वयाबरोबर बहुधा कमी होते, असे त्याने नोंदवले आहे. क्रायटनने कोणाला दोष दिला नाही. आजच्या डॉक्टरांना हे वर्णन ओळखीचे वाटते.

जवळपास त्याच काळात आपल्या घाटाखालचा एक माणूस पॅरिसमध्ये लक्षाचाच विचार करत होता. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला जुझे कुस्तोदियु फारिया, म्हणजे आबे फारिया. संमोहनात गुरूच्या अंगातून कसलाही अदृश्य प्रवाह शिष्याकडे जात नाही, जे घडते ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून घडते, असे त्याने मांडले. १८१९ साली त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. गोव्याला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तो पाहिलेला असणार. फारियाने चंचल मुलांबद्दल काही लिहिलेले नाही, तेव्हा त्याला उगाच या यादीत बसवू नये. पण लक्ष ही माणसामाणसांत कमीजास्त असणारी आतली शक्ती आहे, हा विचार आपल्या शेजारच्या गावातून गेलेल्या माणसाने इतक्या आधी केला होता, हे सांगायचा मोह आवरत नाही.

पुढे जर्मनीत फ्रँकफुर्टच्या हाइनरिख होफमान या डॉक्टरने १८४० च्या दशकात आपल्या लहान मुलासाठी चित्रांचे पुस्तक केले. त्यात जेवणाच्या टेबलावर एका जागी न बसणारा फिलिप आहे. खुर्ची झुलवता झुलवता तो टेबलक्लॉथ ओढतो आणि सगळे जेवण जमिनीवर. त्याच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत वर बघत चालणारा आणि थेट नदीत जाऊन पडणारा हान्सही आला. एक चुळबुळ्या, दुसरा तंद्रीतला. आज या विकाराचे जे दोन मुख्य चेहरे सांगतात ते हेच. पण होफमानच्या गोष्टींचा सूर ‘बघा, असे वागले की असे होते’ असा होता.

हा सूर १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये वैद्यकाच्या भाषेत आला. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने तिथे तीन व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असून ज्यांना स्वतःला आवर घालता येत नाही अशा मुलांचे त्याने बारकाईने वर्णन केले; मुलींपेक्षा मुलगे जास्त, शिक्षेचा उपयोग नाही, हेही सांगितले. निरीक्षण उत्तम होते. नाव मात्र त्याने दिले ‘नैतिक नियंत्रणातील दोष’. स्टिलचा हेतू मुलांना वाईट ठरवण्याचा नव्हता, उलट हे शरीरातून येते असेच तो म्हणत होता; तरी ‘नैतिक’ हा शब्द पुढे बरीच वर्षे चिकटून राहिला. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला शब्द तोच.

औषधाचा शोध मात्र योगायोगाने लागला. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हा डॉक्टर मुलांच्या मेंदूची तपासणी करत असे. त्या तपासणीनंतर मुलांचे डोके भयंकर दुखायचे. त्यावर उपाय म्हणून त्याने बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोके दुखायचे काही राहिले नाही, पण शिक्षक सांगू लागले की मुले अभ्यासाला बसू लागली आहेत. मुलांनी स्वतःच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. ब्रॅडलीने हे १९३७ साली प्रसिद्ध केले. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसे होते, याचे कोडे लोकांना आजही पडते. थोडक्यात उत्तर असे की, ते मुलाला गुंगवत नाही. मेंदूतला जो भाग आवर घालतो त्याला ते जागे ठेवते. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये लिअँड्रो पानिझोन याने आज सर्वाधिक वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट बनवले. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ते घेई. तिला घरी रीटा म्हणत, म्हणून औषधाचे नाव रिटालिन.

याच १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले. मुलाच्या वागण्याची तक्रार घेऊन मास्तरांकडे किंवा मांत्रिकाकडे न जाता कुठेतरी जाता येईल, अशी ही देशातली पहिली जागा मानतात. त्याच्या मागेपुढेच ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबरचे भावनगरचे काम पाठीशी घेऊन महाराष्ट्रात आल्या होत्या. बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी अंगणात भरणारी बालवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. एडीएचडी हा शब्द तिथे कोणाला ठाऊक नव्हता. पण मूल जिथे हलते, हाताळते, पळते तिथेच त्याला शिकवायचे, हा त्यांचा आग्रह आज या मुलांच्या पालकांना डॉक्टर जे सांगतात त्याच्या फार जवळ आहे. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीच्या वाचकांच्या वाट्याला मात्र कोसबाड आले नाही, बाकावर उभे राहणे आणि अंगठे धरणे आले. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आली ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने.

नावे बदलत गेली त्याचा वेगळा गोंधळ आहे. आधी ‘मेंदूला किंचित इजा’ म्हणत. इजा कुठे सापडेना म्हणून ‘मेंदूच्या कामात किंचित बिघाड’ म्हणू लागले. १९६८ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ‘बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया’ असे नाव आले. १९८० साली मोठा बदल झाला. चुळबूळ नसतानाही लक्षाचा दोष असू शकतो, हे त्यांनी मान्य केले आणि होफमानच्या तंद्रीतल्या हान्सला न्याय मिळाला. १९८७ साली आजचे नाव आले. २०१३ साली लक्षणे १२ वर्षांपूर्वी सुरू झालेली असावीत असे ठरले. त्याआधी ही अट ७ वर्षांची होती. मोठ्या माणसांतही हे राहते, हे तेव्हाच नीट धरले गेले. जगभरात शाळकरी मुलांत याचे प्रमाण सुमारे ५ टक्के मानतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन.

आता हे घरात कसे दिसते ते सांगतो, कारण बहुतेक वाचकांना खरा रस त्यातच असणार.

कॅसलरॉकला पावसाळ्यात छत्री हा अवयव आहे. एका पावसाळ्यात चार छत्र्या हरवणारे मूल, तेही दरवर्षी, ही साधी खूण. दप्तर आणले पण डबा शाळेत, डबा आणला पण वही शाळेत. गणित येते, पण बेरजेच्या जागी वजाबाकी केलेली. हाक मारली की ‘ओ’ येते आणि मूल येत नाही. हळद आणायला पाठवावे तर वाटेत मालगाडीचे डबे मोजत उभे. दुसऱ्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत उत्तर, खेळात आपली पाळी यायच्या आत उडी. आरतीला टाळ हातात दिले तर ठीक, नाही दिले तर दोन कडव्यांतच पाय वळवळू लागतात. चार महिने घराबाहेर पडता येत नाही अशा आपल्या गावात अशा मुलाच्या आईचे जे होते ते तिलाच माहीत.

मोठ्यांत पळापळ आत जाते. बाहेरून माणूस स्वस्थ बसलेला दिसतो, आत दहा विचार एकदम. दूध उतू जाते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, विजेचे बिल पैसे असूनही मुदतीनंतर भरले जाते. एक काम अर्धे टाकून दुसरे, ते टाकून तिसरे. चष्मा डोक्यावर आणि शोध सगळ्या घरात. बायकांत तर हे फारच उशिरा कळते. मुलगी दंगा करत नाही, खिडकीबाहेर बघत बसते, म्हणून तिची कोणी तक्रार करत नाही. पुढे घर, मुले आणि नोकरी एकदम अंगावर आली की सगळे कोसळते, आणि तेव्हाही तिला ‘संसारात लक्ष नाही’ एवढेच ऐकायला मिळते.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, मन कोणाचे चंचल नसते? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण असल्याची तक्रार केली आहे. खरे आहे, पण अर्जुन सगळ्यांच्या मनाबद्दल बोलत होता. डॉक्टर निदान करतात ते लक्षणे लहानपणापासून असतील, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसत असतील, आणि त्यामुळे शिकण्यात, कामात किंवा नात्यांत खरोखर नुकसान होत असेल तरच. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ‘मखर करताना बरे लक्ष लागते!’ चतुर्थीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत थर्माकोल नाहीतर कागद कापत बसणारा मुलगा पाढे म्हणायला पाच मिनिटे बसत नाही, तेव्हा हा ढोंगीपणाच असे घरातल्यांना वाटते. प्रत्यक्षात हीच या विकाराची ठळक खूण आहे. लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे लावणे आणि हवे तेव्हा काढणे जमत नाही. आवड, नवलाई आणि अगदी नाकाशी आलेली वेळ, यांवर ते लागते. मखराला तिन्ही आहेत, पाढ्यांना एकही नाही.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही की मेंदूचा फोटो नाही. डॉक्टर माणसाचा इतिहास लिहून घेतात. आई-वडिलांना विचारतात, शिक्षकांचे मत घेतात, मोठा माणूस असेल तर त्याची जुनी प्रगतिपुस्तके मागतात. बरोबरीने ऐकू नीट येते का, दृष्टी कशी आहे, झोप, थायरॉईड, काळजी, उदासी हेही पाहतात, कारण यांमुळेही लक्ष उडते.

आमच्या घरात हे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. आधी पाचवीतल्या मुलाचे. त्याच्यासाठी प्रश्नावली भरताना त्यातले किती प्रश्न वडिलांना लागू पडतात, हे आमच्या सौभाग्यवतींनी डॉक्टरांसमोर बोटांवर मोजून दाखवले. मग आमचे, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. हे पुष्कळ घरांत याच क्रमाने होते, कारण जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून हा स्वभाव मोठ्या प्रमाणात रक्तातून येतो असे दिसून आले आहे. प्रगतिपुस्तकांत पहिली ते सातवी, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हातचा, जवळजवळ एकच शेरा होता: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. त्या शेऱ्याबरोबर जे छड्यांचे हिशेब झाले ते इथे लिहीत नाही. आई मात्र डॉक्टरांना म्हणाली, ‘हा तर सासऱ्यांवर गेला.’

आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते. घरी त्यांची ख्याती वेगळी. गणपतीसाठी पत्री आणायला गेलेले आजोबा कोणाची तरी गाडी चिखलातून काढायला थांबत आणि पूजा झाल्यावर पत्री घेऊन येत. किल्ल्या हरवत म्हणून आजीने त्या त्यांच्या करगोट्याला बांधल्या होत्या. त्यांच्या छत्रीच्या दांड्याला तिने लाल चिंधी शिवली होती, म्हणजे कोणाच्याही घरी राहिली तरी परत यावी. पण तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून सांधा कधी चुकला नाही. मेलेल्या माणसाचे निदान करायचा अधिकार डॉक्टरांनाही नाही, तेव्हा आम्ही ते करत नाही. एवढेच दिसते की रेल्वेत त्यांच्या हातात गोळा होता, समोर घंटा होती, सांगितलेले मोठ्याने परत म्हणायची सक्ती होती, आणि प्रत्येक कामाची वेळ दुसरा कोणी सांगत होता. घरी आजीची चिंधी सोडली तर काही नव्हते.

डॉक्टरांनी आम्हा बापलेकांना जे सांगितले त्यातले अर्धे अधिक रेल्वेच्या नियमपुस्तकातले वाटावे असे आहे. दाराशेजारी एकच खुंटी, किल्ली आणि छत्री तिथेच. सांगितलेले काम मुलाने परत म्हणून दाखवायचे. मोठ्या कामाचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला घड्याळाचा गजर. अभ्यास वीस मिनिटे, मग अंगणात एक फेरी; पाऊस असेल तर जिन्यावर. शाळेत पुढचा बाक आणि फळा पुसायचे काम, म्हणजे उठण्याला कारण. औषध लागेल की नाही हे डॉक्टरच ठरवतात. मिथाइलफेनिडेटवर सरकारचे कडक नियंत्रण आहे. चिठ्ठीची प्रत दुकानदाराला जपून ठेवावी लागते आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधी तजवीज करावी. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे असे त्रास होऊ शकतात, ते अंगावर न काढता सांगावेत.

आपल्या भागातून जायचे तर लोंढ्यावरून धारवाड सोयीचे, तिथे डिम्हान्स ही सरकारी संस्था आहे. गोव्याकडे जाणाऱ्यांना बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. बेंगळुरूची निम्हान्स, १९७४ पासूनची, आपल्याला लांब पडते, पण तिच्या देखरेखीखाली चालणारी टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट मिळते; ती २०२२ साली सुरू झाली. पहिल्या भेटीला जाताना मुलाच्या दोन-तीन वह्या, शिक्षकांचे चार ओळींचे पत्र, आधीचे आजार आणि चालू औषधे यांची यादी बरोबर न्यावी. मोठ्या माणसाने जमल्यास लहानपण पाहिलेले कोणीतरी सोबत न्यावे आणि प्रगतिपुस्तके शोधून ठेवावीत. आमची माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. चौथीचे तेवढे वाळवीने खाल्ले होते.